बिलिंगच्या जोडीला क्रिप्टो: घ्यायचं का, आणि घ्यायचं तर कुठल्या वाटेनं?

आमचं काम होस्टिंगचं आणि लोकांच्या वर्डप्रेस साइट सांभाळायचं. कोथरूडात दोन खोल्यांचं ऑफिस, चार माणसं, बिलं डब्ल्यूएचएमसीएस या होस्टिंगवाल्यांच्या बिलिंग सॉफ्टवेअरमधून निघतात. इथले ग्राहक यूपीआयनं पैसे देतात, परदेशातले कार्डनं किंवा पेपालनं. नायजेरियातल्या लागोसचा एक ग्राहक मात्र दर महिन्याला कळवतो की कार्ड पुन्हा नाकारलं गेलं, आणि पुढे विचारतो, यूएसडीटी (डॉलरच्या भावाशी बांधलेलं क्रिप्टो नाणं) चालेल का? असा एखादा ग्राहक तुमच्याकडेही असेल, तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

डब्ल्यूएचएमसीएसला किंवा वूकॉमर्सला (वर्डप्रेसवरचं दुकानाचं प्लगइन) क्रिप्टोचं बटण जोडणं एका दुपारचं काम आहे. घोळ त्या दुपारनंतर सुरू होतो.

आमच्यापुढे तीन वाटा होत्या: आहे तेच चालू ठेवायचं, स्वतःचा बीटीसीपे सर्व्हर (बिटकॉइन स्वीकारायचं सॉफ्टवेअर) उभा करायचा, किंवा कॉइनगेट, बिटपे यांच्यासारख्या, क्रिप्टो घेऊन आपल्याला नेहमीचं चलन देणाऱ्या मध्यस्थाला मधे घ्यायचं.

आहे ते

यूपीआयवर जानेवारी २०२० पासून एमडीआर (व्यापाऱ्याकडून घेतली जाणारी व्यवहार फी) शून्य आहे. मधे गेटवे असेल तर तो आपली फी लावतो, ती वेगळी. परदेशी कार्डावर ३ टक्क्यांच्या आसपास जातात आणि त्या फीवर १८ टक्के जीएसटी. पेपाल ४.४ टक्के आणि वर ठरावीक रक्कम कापतो, शिवाय डॉलरचे रुपये करताना त्याचा दर बाजारापेक्षा कमीच असतो. थोडक्यात, महाग आहे. पण पैसे आपोआप बँकेत येतात, परकीय रक्कम आल्याचा कागद मिळतो आणि मासिक वर्गणी आपोआप वळती होते. भारतीय कार्डावर १५,००० रुपयांपर्यंत दर वेळी ओटीपीही लागत नाही.

खरी डोकेदुखी चार्जबॅकची, म्हणजे कार्डधारकाच्या तक्रारीवरून पैसे परत ओढले जाण्याची. साइट बनवून दिली, तीन महिने चालली, आणि मग कार्डधारकानं बँकेला सांगितलं की हा व्यवहार मी केलाच नाही. तक्रारीला साधारण १२० दिवसांची मुदत असते. पुरावे आपण द्यायचे, दंडाची फीही आपणच भरायची. क्रिप्टोत हा प्रकार नाही. एकदा आलेलं नाणं परत ओढून नेता येत नाही. क्रिप्टोच्या बाजूनं सांगितल्या जाणाऱ्या मुद्द्यांपैकी मला पटलेला हा एकच.

स्वतःचा सर्व्हर

बीटीसीपे सर्व्हर २०१७ मध्ये निकोलस डोरिए या प्रोग्रामरनं सुरू केला. मुक्त स्रोत आहे, फी शून्य, मधे कोणी नाही. पैसे थेट आपल्या वॉलेटमध्ये येतात आणि खाजगी किल्ली (जिच्यावाचून नाणी खर्च करता येत नाहीत ती गुप्त खूण) सर्व्हरवर ठेवावीच लागत नाही. सर्व्हरला फक्त सार्वजनिक किल्ली द्यायची. तिच्यावरून तो प्रत्येक बिलाला नवा पत्ता काढून देतो. सर्व्हर फोडला तरी चोराला आधीचं नाणं उचलता येत नाही. (पुढच्या बिलांवर स्वतःचा पत्ता मात्र तो घालू शकतो, तेव्हा अगदी बिनधास्तही राहू नका.)

मी हा सर्व्हर चाचणीसाठी चालवून पाहिला. बिटकॉइनची पूर्ण साखळी (आजवरच्या सगळ्या व्यवहारांची नोंद) ६०० जीबीच्या पुढे गेली आहे, पण जुनी माहिती छाटून ठेवायचा पर्याय आहे, त्यामुळे मोठी डिस्क लागत नाही. पहिल्यांदा साखळी उतरायला मात्र दिवस लागतात.

बिलाच्या पानावर भाव १५ मिनिटांसाठी गोठतो. बिटकॉइनचा ब्लॉक, म्हणजे व्यवहार पक्के करणारा गठ्ठा, सरासरी दहा मिनिटांनी येतो. सरासरी म्हणजे कधी दोन, कधी चाळीस. ग्राहकानं नेटवर्क फी कंजूषपणे ठेवली की व्यवहार तासन् तास लटकतो. इकडे बिलाची मुदत संपते, डब्ल्यूएचएमसीएसला पैसे मिळाल्याचा निरोप जात नाही, तो ठरल्या दिवशी साइट बंद करतो, आणि ग्राहक पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट घेऊन भांडायला उभा. तांत्रिकदृष्ट्या दोघांचंही बरोबर. लाइटनिंगनं (बिटकॉइनच्या वरचं झटपट पैसे देण्याचं जाळं) पैसे सेकंदात येतात, पण त्यासाठी आपल्या बाजूला पुरेशी क्षमता असलेले चॅनल सांभाळत बसावं लागतं. चार माणसांच्या ऑफिसात ते कोण करणार?

आणखी एक गोम आहे. बहुतेक वॉलेट सलग २० रिकामे पत्ते दिसले की पुढे शोधायचं थांबवतात. लोक बिल उघडतात, पैसे न देता बंद करतात. असे वीसेक पत्ते वाया गेले की एकविसावा खराखुरा पैसा सर्व्हरला दिसतो, वॉलेटला दिसत नाही. पैसा कुठे जात नाही, ही मर्यादा वाढवली की दिसतो. पण तोवर जीव टांगणीला.

शिवाय लागोसवाल्याला बिटकॉइन नकोच होता, त्याला यूएसडीटी द्यायचं होतं. बीटीसीपे मुळात बिटकॉइनसाठी बांधलेला आहे. यूएसडीटीचं वेगळं जोडकाम करावं लागतं, आणि ते नाणं ट्रॉनच्या जाळ्यावरही चालतं, इथेरियमच्याही. चुकीच्या जाळ्यावर पाठवलं की शोधाशोध आपल्याच कपाळी.

मध्यस्थ

कॉइनगेट साधारण १ टक्का घेतो. चढउतार त्याच्या अंगावर, कमी-जास्त आलेल्या रकमेची निस्तरणीही त्याच्याकडे. डब्ल्यूएचएमसीएसला जोडायची सोय आहे. कागदावर हाच पर्याय सगळ्यात शहाणा वाटतो. पण सही करण्याआधी तीन प्रश्न लेखी विचारा: भारतातल्या नोंदणीकृत व्यवसायाला खातं देता का? पैसे डॉलर किंवा युरोत थेट आमच्या चालू खात्यावर पाठवता का? आणि पाठवताना आमचा पर्पज कोड (पैसे कशासाठी आले हे बँकेला सांगणारा) लिहिता का? यातल्या एकालाही उत्तर ‘नाही’ किंवा ‘बघू’ आलं, तर त्या १ टक्क्याला भुलू नका.

आता सीएच्या टेबलावर

इथे चित्र उलटं होतं. तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात सुबक वाट, म्हणजे स्वतःचा सर्व्हर, कागदपत्रांत सगळ्यात वाईट ठरते.

आपण परदेशी ग्राहकाला जीएसटी लावत नाही, कारण ती सेवेची निर्यात असते आणि आपण एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र) भरलेलं असतं. पण आयजीएसटी कायद्यात निर्यातीच्या व्याख्येतच अट आहे की मोबदला परिवर्तनीय परकीय चलनात आला पाहिजे, किंवा रिझर्व्ह बँकेनं मुभा दिली असेल तिथे रुपयांत. यूएसडीटीला नावात कितीही डॉलर असला तरी ते परकीय चलन नाही. म्हणजे तुमच्या वॉलेटमध्ये ५०,००० रुपयांचं नाणं आलं, तर ती निर्यात मानली न जाण्याचा धोका आहे. मग त्याच रकमेतून १८ टक्क्यांच्या हिशेबानं ७,६२७ रुपये जीएसटी जातो. पेपालचे साडेचार टक्के वाचवायला गेलो आणि हे. शिवाय निर्यातीची रक्कम बँकेमार्फत यावी ही फेमाची (परकीय चलन कायद्याची) अपेक्षा वेगळी.

प्राप्तिकराचं गणित २०२२ च्या अर्थसंकल्पापासून ठरलेलं आहे. आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि वर उपकर, तोटा कशातूनच वजा नाही, पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. आलेल्या दिवसाच्या भावानं ५०,००० तुमचं धंद्याचं उत्पन्न. महिनाभरानं विकलं तेव्हा ४६,००० मिळाले, तर ५०,००० वरचा कर तसाच, आणि चार हजारांचा तोटा आपल्या खिशातून. विकताना एक्स्चेंज (क्रिप्टो खरेदी-विक्रीचा बाजार) १ टक्का टीडीएस कापतं तो निराळा. नंतर वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो.

देशातल्या ग्राहकाकडून घेणं तर मला निव्वळ हौस वाटते. त्यानं नाणं दिलं की कायद्याच्या नजरेत तो ते तुम्हाला विकतो आणि बदल्यात तुमची सेवा घेतो. खरेदीदार तुम्ही, म्हणून मर्यादेवरच्या व्यवहाराचा टीडीएस भरला गेला का हे पाहण्याची जबाबदारीही तुमची. चहाच्या टपरीवर क्यूआर कोड असलेल्या शहरात हे कशाला?

ओळखीतल्या एकानं यावर उपाय काढला होता. यूएसडीटी ओळखीपाळखीच्या माणसांना थेट विकायचं आणि रुपये खात्यावर घ्यायचे. तिसऱ्या महिन्यात खातं गोठलं. समोरच्यानं पाठवलेले रुपये दुसऱ्या राज्यातल्या कुठल्या तरी फसवणुकीचे निघाले. पगाराची तारीख जवळ आलेली, आणि हा गडी सायबर शाखेशी पत्रव्यवहार करतोय. विकायचंच असेल तर एफआययूकडे (संशयास्पद आर्थिक व्यवहारांवर नजर ठेवणारा केंद्राचा विभाग) नोंदवलेल्या एक्स्चेंजवर विका, आणि तिथेही नाणी साठवू नका. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवर सुमारे २३ कोटी डॉलरची चोरी झाली आणि ग्राहकांना पैसे काढणं बंद झालं, हे विसरू नका.

बँकेचं म्हणाल, तर क्रिप्टोवाल्यांना बँकसेवा देण्यावरच्या निर्बंधाचं रिझर्व्ह बँकेचं २०१८ चं परिपत्रक सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२० मध्येच रद्द केलं. तरी शाखेत क्रिप्टो म्हटलं की भुवया वर जातातच. पुण्यात गेनबिटकॉइन या क्रिप्टो फसवणुकीचं प्रकरण गाजलेलं आहे, त्यामुळे त्यांनाही दोष देववत नाही.

मग कोणी काय करावं

ग्राहक सगळे भारतातले असतील तर विषय सोडा. परदेशी ग्राहक आहेत आणि त्यातले एक-दोनच क्रिप्टो मागतात, तर त्यांना वार्षिक बिल करून बँकेनं थेट पैसे पाठवायला सांगा. मागणारे दहा-पंधरा असतील आणि वरच्या तिन्ही प्रश्नांना ‘हो’ आलं असेल, तर मध्यस्थ जोडा. आधी सीएला त्याचा नमुना कागद दाखवा, बटण नंतर लावा. बीटीसीपे मला आवडला, अगदी मनापासून. पण तो ज्याचं खातं-वही भारतात नाही त्याच्यासाठी. परदेशात कंपनी असलेल्या मित्राला मी तोच सुचवला.

लागोसवाल्यानं आधी कुरकुर केली. महिन्याचं बिल वर्षाचं करून दिलं, दोन महिन्यांची सूट दिली, तेव्हा तयार झाला. मधल्या बँकेनं वीस-पंचवीस डॉलर कापले, ते आम्ही सोसले. चार दिवसांनी रक्कम आली, बँकेचा कागद मेलवर आला, तो मी सीएला पुढे पाठवला. चाचणीचा सर्व्हर त्याच संध्याकाळी बंद केला.