जुना वैद्यकीय शब्दकोश: जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) मुलींनी जरूर घ्यावा

पहिल्या वर्षी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून हा जुना, जाडजूड अमेरिकन वैद्यकीय शब्दकोश मी 400 रुपयांना घेतला. दहावीपर्यंत माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. फळ्यावर 'कोलेसिस्टेक्टॉमी' लिहिलेलं पाहिलं तेव्हा हा शब्द कुठून धरायचा तेच कळेना. घोकून पाठ केला आणि पेपरात मधली दोन अक्षरं गाळून आले.

या कोशात शब्दाच्या पोटात टिंबं दिली आहेत: को·ले·सिस·टेक·टो·मी. जीभ शब्द असा तोडते. पुढे चौकटी कंसात मूळ दिलंय: कोले म्हणजे पित्त, सिस्ट म्हणजे पिशवी, एक्टॉमी म्हणजे कापून काढणं. झालं, पित्ताशय काढायची शस्त्रक्रिया! बोलताना 'सिस्ट'मधला ट पुढच्या 'एक्टॉमी'ला जाऊन चिकटतो. आपणही वि-द्या-ल-य म्हणतो, पण संधी सोडवली की विद्या + आलय. हे लक्षात आलं त्या दिवसापासून मला लांब शब्दांची भीती वाटेनाशी झाली.

सगळ्यात मोलाची आहे ती मागची उपसर्ग-प्रत्ययांची यादी. आयटिस म्हणजे दाह, ऑटॉमी म्हणजे छेद देणं, ऑस्टॉमी म्हणजे शरीराला नवं तोंड करून देणं. हायपो म्हणजे कमी, हायपर म्हणजे जास्त. वॉर्डात एकदा मी हायपोग्लायसेमियाच्या (रक्तातली साखर कमी होण्याच्या) जागी हायपर लिहिलं होतं. सिस्टरांनी तिथल्या तिथे पकडलं. साखर उतरलेल्या पेशंटला इन्सुलिन दिलं गेलं तर जिवावर बेततं. तेव्हापासून औषधाच्या नोंदीत पहिला तुकडा मी दोनदा वाचते.

टिंबांवर मात्र डोळे झाकून विसंबू नका. 'ॲनिमिया'चे उच्चारात चार तुकडे पडतात, पण कोशात टिंब एकच, मधोमध. कारण ही टिंबं ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडायचा ते सांगतात, आणि छापताना एकटं अक्षर ओळीच्या टोकाला ठेवत नाहीत. अर्थाने तोडायचा तर 'ॲन्' वेगळा काढावा लागतो: ॲन् म्हणजे नाही, ईमिया म्हणजे रक्ताची अवस्था. आपल्या 'अनावश्यक'मधला अन् याच ॲन्‌चा भाऊबंद, कारण ग्रीक आणि संस्कृत एकाच घराण्यातल्या भाषा. टिंबांचा हा खुलासा प्रस्तावनेत बारीक टायपात दडवलाय. तो ठळक हवा होता.

स्पेलिंगही अमेरिकन. आमच्या पुस्तकात 'ओ'पासून सुरू होणारा ईडिमा (सूज) इथे 'ई'मध्ये शोधावा लागतो.

जुनी प्रत घेणार असाल तर मागची यादी शाबूत आहे का ते दुकानातच उघडून बघा. माझ्या प्रतीत तिचं शेवटचं पान नव्हतं. रूममेटच्या प्रतीवरून झेरॉक्स काढून चिकटवलंय.