विकास आराखड्यावरच्या हरकती-सूचना: सोय चांगली, पण खिडकी उशिरा उघडते

सेवा: प्रारूप विकास आराखड्यावर, म्हणजे शहरातली कोणती जमीन कशासाठी वापरायची याच्या पालिकेने केलेल्या मसुद्यावर, हरकत नोंदवणे (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६, कलम २६ ते ३१)
गुण: ५ पैकी अडीच

फी नाही, वकील लागत नाही, साध्या कागदावर अर्ज चालतो. या बाबतीत तक्रारीला जागा नाही. मुदत बहुतेक शहरांत ३० दिवसांची असते. मुंबईच्या २०१५ आणि २०१६ च्या आराखड्यांना ६० दिवस मिळाले होते. तरी जाहीर सूचनेत छापलेली तारीखच धरावी.

हरकतीचा जीव असतो तो नेमकेपणात. "आमच्या भागातली मोकळी जागा वाचवा" असं लिहिलेला अर्ज गठ्ठ्यात जातो आणि तिथेच राहतो. नकाशाच्या शीटचा क्रमांक, नगर भूमापन क्रमांक किंवा गट नंबर, आरक्षणाचा (सार्वजनिक कामासाठी राखलेल्या जागेचा) सांकेतिक क्रमांक, आणि नेमका कोणता बदल हवा ते एका वाक्यात, एवढं तरी हवंच. सोबत भाग नकाशा (आराखड्यातला त्या जागेपुरता उतारा), मिळकत पत्रिका किंवा सातबारा आणि जागेचे फोटो जोडावेत. दोन प्रती न्याव्यात आणि एकीवर शिक्का व आवक क्रमांक घेऊनच परतावं. पोच नसेल तर सुनावणीचं पत्र आलं नाही म्हणून भांडायलाही आधार उरत नाही. अर्जात "मला प्रत्यक्ष सुनावणी हवी" हे वाक्य वेगळं लिहावं.

मुंबईच्या नकाशावर 'ई'ने सुरू होणारा संकेत म्हणजे आज जागेवर असलेला वापर, 'आर'ने सुरू होणारा म्हणजे पुढचं आरक्षण. चालू असलेलं मैदान 'ई' म्हणून नोंदलेलं नसेल, तर कागदावर ते मैदानच नाही. असा घोळ बहुधा प्रारूप आराखड्याच्या आधीच, म्हणजे विद्यमान जमीन वापराच्या नकाशात (कलम २५), होऊन गेलेला असतो. त्या नकाशावर हरकती मागवण्याची कायद्यात सक्ती नाही. ही या सेवेची सर्वांत मोठी खोट. मुंबई पालिकेने २०१२-१३ मध्ये तो नकाशा लोकांपुढे ठेवला आणि चुकांचा ढीग निघाला. तरीही फेब्रुवारी २०१५ च्या प्रारूपात उभ्या इमारतींवरून रस्ते गेले आणि आरे वसाहत विकासासाठी खुली झाली. साठ हजारांहून जास्त हरकती आल्या, एप्रिलमध्ये सरकारने फेरआखणीचा आदेश दिला, २०१६ मध्ये सुधारित प्रारूप आलं आणि २०१८ मध्ये मंजुरी मिळाली. गर्दीने आराखडा मागे घ्यायला लावता येतो हे तेव्हा दिसलं, पण आधी नकाशा नीट तपासला असता तर ती तीन वर्षं वाचली असती.

सुनावणी नियोजन समितीपुढे होते: स्थायी समितीचे तीन सदस्य आणि जास्तीत जास्त चार तज्ज्ञ. हजारो अर्जांपुढे प्रत्येकाला मिळतात ती थोडीच मिनिटं, म्हणून नकाशावर लाल पेनाने खूण करून न्यावी, भाषण नको. एकाच मजकुराच्या शेकडो छापील प्रती दिल्या तर त्या एकत्र बांधून एकच मुद्दा म्हणून ऐकल्या जातात. त्यापेक्षा वेगवेगळ्या मुद्द्यांचे पाच अर्ज बरे.

मग शांतता. तुमची हरकत का फेटाळली याचं वेगळं उत्तर देण्याचं बंधन समितीवर नाही. बदललेला आराखडा प्रसिद्ध होतो तो फक्त माहितीसाठी. पुन्हा बोलण्याची संधी येते ती कलम ३१ खाली शासनाने भरीव स्वरूपाचे बदल सुचवले तरच, तेही एका महिन्यात. मंजुरीनंतर कलम ३७ खाली एखाद्या भूखंडाचं आरक्षण बदलायची सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर येते. मुदत पुन्हा एकच महिना. खरी चलाखी इथेच होते आणि इथेच लोक झोपलेले असतात. पालिकेच्या नगररचना विभागाचं सूचना पान दर पंधरवड्याला चाळायची जबाबदारी सोसायटीतल्या एखाद्यावर टाकावी.

शेजारच्या गोव्याची तुलना टाळता येत नाही. जनआंदोलनानंतर २००७ मध्ये तिथला २०११ सालापर्यंतचा प्रादेशिक आराखडा रद्द झाला आणि २०२१ पर्यंतचा आराखडा करताना मसुदे पंचायतींपर्यंत नेले गेले. आपल्याकडे प्रभागाचा नकाशा प्रभाग कार्यालयाच्या भिंतीवर महिनाभर लावणं एवढं जरी कलम २५ च्या टप्प्यावर सक्तीचं केलं, तरी आणखी एक गुण द्यायला हरकत नाही.