गुडघेरोपणानंतरचा नर्व्ह ब्लॉक : दिवस उत्तम, पहाट अवघड

आईच्या उजव्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी आम्ही पुण्यातील एक खासगी रुग्णालय निवडले, ते तेथील वेदनाशमनाची नीट चौकशी करूनच. कारण सहा वर्षांपूर्वी, डाव्या गुडघ्याच्या वेळी, केवळ गोळ्या आणि ट्रामाडॉलच्या इंजेक्शनांवर काढलेल्या दोन रात्री आणि त्या औषधाने झालेल्या उलट्या ती विसरली नव्हती.

या वेळी शस्त्रक्रिया कमरेखालच्या भुलीत झाली आणि ती आटोपताच, सकाळी ११ च्या सुमारास, भूलतज्ज्ञांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत मांडीच्या आतल्या बाजूला, अ‍ॅडक्टर कॅनॉल या नसांच्या मार्गात, रोपिव्हॅकेन या बधिर करणाऱ्या औषधाचे इंजेक्शन दिले. नस बधिर करून वेदना थांबवण्याच्या या पद्धतीलाच नर्व्ह ब्लॉक म्हणतात. ही जागा का, हे त्यांनी आदल्या दिवशी आईला कागदावर चित्र काढून समजावले होते. जांघेत दिला जाणारा फिमोरल ब्लॉक वेदना थांबवतो, पण मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकदही कमी करतो, त्यामुळे उभे राहताना गुडघा अचानक वाकून रुग्ण पडू शकतो. अ‍ॅडक्टर कॅनॉलमध्ये मुख्यतः संवेदना वाहणाऱ्या नसा बधिर होत असल्याने ती ताकद बरीचशी टिकते. गुडघ्याच्या मागच्या दुखण्यासाठी आयपॅक नावाचे दुसरे इंजेक्शन दिले गेले. संध्याकाळी आई वॉकर धरून दहा पावले चालली आणि तिने वेदनेला दहापैकी दोनच गुण दिले. मला ते खरोखर नवलाचे वाटले.

त्रुटी पुढे दिसली. एकदाच दिलेल्या ब्लॉकचा असर साधारण १२ ते २४ तासांत ओसरतो आणि तो ओसरताना दुखणे अचानक उसळू शकते, म्हणून गोळ्या त्याआधीच सुरू व्हायला हव्यात. परंतु आईच्या तक्त्यावर पॅरासिटामॉल ‘लागल्यास द्यावे’ एवढेच लिहिलेले होते. पहाटे चारला ती कण्हत जागी झाली, तेव्हा गुण आठ होते आणि औषधाचा परिणाम होईपर्यंत पाऊण तास गेला. शस्त्रक्रियेआधी इतके काळजीपूर्वक बोलणाऱ्यांनी ही एक गोष्ट सांगितली असती, तर ती पहाट टळली असती. बारीक नळीतून दोन-तीन दिवस औषध देत राहण्याचा पर्यायही असतो, तो येथे सुचवला गेला नाही.

तक्रार केल्यावर मुख्य परिचारिकांनी ती ऐकून घेतली आणि गोळ्यांच्या ठरावीक वेळा लिहून कागद खाटेजवळ चिकटवला. दुसऱ्या रात्री आई सहापर्यंत झोपली. डॉक्टरांचे कौशल्य पाहता मी हेच रुग्णालय पुन्हा निवडेन, पण पहिली गोळी किती वाजता द्यायची हे दाखल होतानाच लिहून घेईन.