शिकवलेला पोपट घेतला आणि माझाच पोपट झाला

शब्दांचा अर्थ कळणारा पक्षी म्हणून कुणी तुम्हाला पोपट विकत असेल, तर पैसे द्यायच्या आधी हे वाचा. मी पैसे देऊन बसले आहे.

मला हे वेड ॲलेक्समुळे लागलं. पक्ष्यांच्या बुद्धीवर संशोधन करणाऱ्या अमेरिकन शास्त्रज्ञ आयरीन पेपरबर्ग यांनी १९७७ साली शिकागोच्या एका दुकानातून घेतलेला हा आफ्रिकन ग्रे पोपट २००७ साली गेला, तेव्हा त्याला शंभराच्या वर शब्द येत होते. पन्नासेक वस्तू, सात रंग, पाच आकार, सहापर्यंत मोजणी. दोन वस्तूंत वेगळं काय, असं विचारलं की तो ‘रंग’ किंवा ‘आकार’ म्हणायचा, आणि काहीच वेगळं नसेल तर ‘काही नाही’. आपल्याकडे ‘पोपटपंची’ या शब्दाने या बिचाऱ्या जातीची जी बदनामी केलीय, ती ॲलेक्सने एकट्याने धुऊन काढली, असं मला आजही वाटतं.

विक्रेत्याला माझं हे वेड पहिल्या पाच मिनिटांत कळलं असणार, कारण पुढचा सगळा वेळ तो ॲलेक्सबद्दलच बोलत होता. त्याने व्हिडिओ दाखवला आणि मग समोरासमोरही करून दाखवलं. टेबलावर बाटल्यांची सात रंगीत झाकणं ओळीने मांडलेली. तो विचारायचा, “राजा, लाल कुठे?” राजा तुरुतुरु चालत जायचा, थांबायचा आणि लाल झाकण चोचीत उचलायचा. निळं, पिवळं, हिरवं... दहापैकी दहा बरोबर. मी टाळ्या वाजवल्या!

खरं तर तिथेच शंका यायला हवी होती. ॲलेक्सची उत्तरं साधारण ८० टक्के बरोबर यायची. कंटाळा आला की तो मुद्दाम चुकीची उत्तरं द्यायचा, नाहीतर पिंजऱ्यात परत जायचं म्हणायचा. ज्याला डोकं आहे तो पक्षी कधीतरी तुमच्या प्रश्नाला फाट्यावर मारणारच. एकदाही न चुकणाऱ्या पक्ष्याला प्रश्नाशी काही देणंघेणं नसतं. त्याचं लक्ष दुसरीकडेच असतं.

घरी आणल्यावर राजा माझ्या एकाही प्रश्नाला हलेना. विक्रेता फोनवर म्हणाला, “ताई, नवी जागा आहे, बुजलाय तो. माझ्याकडे रेकॉर्डिंगचा कोर्स आहे, दिवसभर लावून ठेवा, आपोआप बोलेल.” त्याचेही पैसे मी मोजले. महिनाभर घरात एक बाई सकाळ-संध्याकाळ ‘लाल, लाल, लाल’ करत राहिली. राजाने तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. आम्ही मात्र झोपेतही ‘लाल’ ऐकायला लागलो. (पेपरबर्ग यांनी दुसऱ्या ग्रे पोपटांना नुसत्या ध्वनिफिती ऐकवून पाहिलं होतं आणि त्यातून त्यांना शब्दांचा अर्थ लागला नव्हता. हे मी कोर्स घेतल्यावर वाचलं.)

भांडं फोडलं ते माझ्या नवऱ्याने. एका रात्री त्याने तोच व्हिडिओ आवाज बंद करून पाहिला आणि मला हाक मारली. “अगं, याचा अंगठा बघ.” विक्रेत्याचा हात टेबलाच्या कडेवर होता. राजा योग्य झाकणापाशी पोचला की अंगठा किंचित वर उचलला जायचा. दहाच्या दहा वेळा.

सकाळी मी झाकणं मांडली, हात कडेवर ठेवला आणि विचारलं, “राजा, गुरुवार कुठे?” तो ओळीने चालत निघाला. हिरव्या झाकणापाशी मी अंगठा उचलला. त्याने ते उचलून माझ्यासमोर आणून टाकलं आणि सूर्यफुलाच्या बीची वाट बघत उभा राहिला. हसावं की रडावं तेच कळेना.

बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा खुराने टापा मारून गणितं सोडवायचा. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिलं, की उत्तराची टाप आली की विचारणाऱ्याचं डोकं नकळत हलतं आणि घोडा तेवढंच बघतो. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर हान्स चुकायचा. पण हान्सचा मालक प्रामाणिक होता, त्यालाही यातलं काही ठाऊक नव्हतं. माझ्या विक्रेत्याला पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे प्रश्न तुम्ही विचारा, वस्तूही तुमच्याच न्या आणि विकणाऱ्याला खोलीबाहेर उभं करा. तो ‘पक्षी घाबरेल’ म्हणाला, तर तुम्हीही बाहेर पडा.

वयातही फसवलं. आठ महिन्यांचं पिल्लू म्हणून दिलं, पण राजाचा डोळा पिवळाधमक. ग्रेच्या पिल्लाचा डोळा काळपट-करडा असतो, तो पिवळा व्हायला वर्षं जातात. पायातली कडीही चिरेची, म्हणजे नंतर कधीही चढवता येणारी. पिंजऱ्यात जन्मलेल्या पिल्लाच्या पायात पाळणारे पहिल्या काही आठवड्यांतच अखंड कडी घालतात. पाय वाढला की ती निघत नाही आणि नवी बसत नाही. २०१६ साली ही जात ‘साइट्स’च्या (CITES, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या परिशिष्टात घालायचं ठरलं, म्हणजे रानातून धरलेल्या ग्रेचा देशादेशांतला व्यापार बंद. कागदपत्रं मागितली तेव्हा ‘पाठवतो’ म्हणाला. आता त्याचा फोन लागत नाही.

राजाला परत देण्याचा विषय आम्ही काढला नाही. फसवलं त्याने नाही. आता पेपरबर्ग यांच्या पद्धतीने नव्याने सुरुवात केलीय. मी कागद धरून नवऱ्याला विचारते, “हे काय?” तो म्हणतो, “कागद”, आणि कागद त्याला मिळतो. मग तो विचारतो, मी सांगते. राजा मान वाकडी करून दोघांकडे बघतो, कारण कागद फाडायची हौस खरी त्याला आहे. गेल्या आठवड्यात त्याच्या तोंडून ‘काग’ निघालं आणि आम्ही अख्खं पान त्याच्या हवाली केलं. हे विचारताना आमचे अंगठे मुठीत असतात. तरी बोलायच्या आधी त्याने एकदा माझ्या हाताकडे पाहून घेतलंच.