दालमिलीच्या छतावर सौर पॅनेल: विकत घ्यावीत की कंपनीकडून फक्त वीज घ्यावी?

इंदूरच्या पालद्यात दालमिल चालवणाऱ्या माझ्या मामेभावाने दिवाळीनंतर दोन कोटेशनं माझ्यासमोर ठेवली. एकात 100 किलोवॉटचं संयंत्र स्वतःच्या पैशाने घ्यायचं. दुसऱ्यात कंपनी तिच्या खर्चाने छतावर पॅनेल लावणार आणि तयार होणारी वीज ठरलेल्या दराने 20 वर्षं त्यालाच विकणार. बाजारात याला रेस्को म्हणतात. "दादा, कुठलं घेऊ?" मी इथल्या दालमिलींचे आणि पोहा मिलींचे हिशेब बघतो. छावणीपासून सांवेर रोडपर्यंत हा प्रश्न आता कुणी ना कुणी विचारतंच, म्हणून त्याला जे सांगितलं ते इथे लिहितो.

आधी कोटेशनं बाजूला ठेवायला लावली आणि विजेची बारा महिन्यांची बिलं काढायला लावली. कारखानदार सौरकडे वळतो तो बिलामुळे. आपल्या महापालिकेचंही तेच झालं. नर्मदेचं पाणी उपसून शहरात आणण्याचं बिल भारी, म्हणून जलूदच्या 60 मेगावॉट सौर प्रकल्पासाठी फेब्रुवारी 2023 मध्ये 244 कोटींचे ग्रीन बॉण्ड, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे, काढले.

विक्रेते एकूण बिलाला युनिटांनी भागून "तुमची वीज इतक्या रुपयांची पडते" असं सांगतात. हा हिशेब चुकीचा आहे. बिलात स्थिर आकारही असतो, म्हणजे कितीही युनिटं वापरली तरी द्यावा लागणारा, आणि सौरमुळे तो जवळजवळ तसाच राहतो. वाचतो तो फक्त युनिटचा आकार, तोही दिवसाचा. केंद्राच्या 2023 च्या नियमांनुसार 10 किलोवॉटवरच्या औद्योगिक ग्राहकांना 1 एप्रिल 2024 पासून वेळेनुसार दर लागू करायचे आहेत. त्यात उन्हाच्या तासांतला दर नेहमीपेक्षा किमान 20 टक्के कमी ठेवायचा आहे. म्हणजे पॅनेल जी वीज वाचवणार, तीच स्वस्त होत चालली आहे. बिलातला दुपारचा दर बघा आणि बचत त्यावरच मोजा.

आणखी एक गोष्ट कोटेशनमध्ये नसते. मोटारीत चुंबकत्व तयार करायला जी वीज लागते पण प्रत्यक्ष काम करत नाही, तिला रिॲक्टिव्ह वीज म्हणतात. मिलीच्या मोटारींना ती ग्रिडकडूनच येत राहते, पण ग्रिडची युनिटं कमी होतात, म्हणून मीटरवर पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेतला कामाच्या विजेचा वाटा, घसरतो आणि दंडाची वेळ येते. तो सुधारणारं कपॅसिटर पॅनेल नव्याने बसवण्याचा खर्च त्याच किमतीत धरून घ्या.

आता विकत घेण्याचं गणित. इंदूरच्या उन्हात 1 किलोवॉटला वर्षाला साधारण 1400 युनिटं धरावीत, म्हणजे 100 किलोवॉटला 1 लाख 40 हजार. समजा संयंत्र 45 लाखांचं आणि युनिटामागे 6 रुपये वाचले, तर वर्षाला 8 लाख 40 हजार. साडेपाच वर्षांच्या आसपास पैसे सुटतात. शिवाय सौर संयंत्रावर 40 टक्के घसारा मिळतो, म्हणजे किमतीचा तेवढा भाग त्या वर्षीचा खर्च धरून करपात्र नफा कमी करता येतो. भागीदारी फर्म 30 टक्के कर भरते, त्यामुळे नफ्यातल्या मिलीचे पैसे आणखी लवकर सुटतात. नफाच नसेल तर घसाऱ्याचा फायदा त्या वर्षी हातात येत नाही, आणि तिथे रेस्कोचं पारडं जड होतं. केंद्राच्या सूर्यघर योजनेचं छतावरच्या सौर पॅनेलचं अनुदान घरांसाठी आहे. मिलीला ते मिळेल या आशेवर राहू नका.

जीएसटीतही फरक पडतो. सौर उपकरणांवरचा कर सप्टेंबर 2025 मध्ये 12 वरून 5 टक्क्यांवर आला. पण सुटी किंवा 25 किलोवरच्या कट्ट्यांत विकलेली डाळ करमुक्त आहे, म्हणून पॅनेलवर भरलेला जीएसटी परत मिळत नाही, तो खर्चातच जातो. लहान पाकिटं विकणाऱ्याला तो वळता होतो. रेस्कोच्या विजेवर जीएसटी नाही.

रेस्कोची खरी ताकद भांडवलात आहे. डिसेंबर ते मार्च तुरीचा हंगाम, तेव्हा मिलवाल्याला रोकड लागते. सीसी लिमिटमधून, म्हणजे माल खरेदीसाठी बँकेने दिलेल्या खेळत्या भांडवलातून, पॅनेलचे पैसे भरून मग तुरीसाठी हात पसरणारे मी पाहिलेत. तसं कुणी करू नये. मुदत कर्ज मिळत नसेल तर रेस्को घ्यावं. मात्र कराराचं किमान खरेदीचं कलम बारकाईने वाचा. मिल दोन महिने बंद राहिली तरी पैसे द्यावे लागतील का, ते त्यातच असतं. जागा भाड्याची असेल आणि भाडेकरार 5 वर्षांचा, तर 20 वर्षांच्या कराराचा विषयच सोडा.

सोयाबीनचं तेल काढणाऱ्या सॉल्व्हंट प्लँटची गोष्ट वेगळी. तिथे मोठा खर्च वाफेचा, बॉयलरचा. छतावरची वीज त्याला हात लावत नाही. बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजला मात्र उन्हाळ्यातच सगळ्यात जास्त वीज लागते, त्यांनी फार विचार न करता सौर घ्यावं.

मामेभावाकडे मिलीवर उभा राहिलो तेव्हा मला दोन्ही कोटेशनं चुकीची वाटली. डाळ करण्याआधी पाणी दिलेली तूर ज्या गच्चीवर वाळते, तीच गच्ची दोघांनी पॅनेलसाठी मोजली होती! ती झाकली तर ड्रायर चालवावा लागेल आणि वाचलेले पैसे त्याच्या इंधनात जातील. गोदामाच्या पत्र्यावर 60 किलोवॉट बसतात. पत्रा खालच्या कैच्यांसकट, म्हणजे आधाराच्या सांगाड्यासकट, तपासून घ्यावा, सिमेंटचा पत्रा असेल तर आधी बदलावा. आणि चुणी-भुशाची धूळ पॅनेलवर सतत बसते, म्हणून चढायला शिडी आणि वर पाण्याचा नळ करारातच लिहून घ्यावा.

त्याची फर्म नफ्यात आहे, जागा स्वतःची आहे. मी 60 किलोवॉट मुदत कर्जावर विकत घ्यायला सांगितलं. आता सुरू केलं तर मार्चअखेरपर्यंत 180 दिवस भरत नाहीत, म्हणून या वर्षी घसारा निम्माच मिळेल, आणि एप्रिलपर्यंत थांबावं असं त्याला वाटत होतं. पण उरलेला घसारा पुढच्या वर्षांत मिळतोच, आणि मिल सगळ्यात जास्त चालते ती याच चार महिन्यांत. त्याने कर्जाचा अर्ज त्याच आठवड्यात भरला.