आत वाढलेला केस: शेक, स्क्रब, कोरफड की टी ट्री ऑइल, नक्की काय लावायचं?

शेव्हिंग किंवा वॅक्सिंग झालं की काही दिवसांनी मानेवर, काखेत नाहीतर जांघेत जी लाल, टणक, खाजरी पुळी येते ना, ती दरवेळी पिंपल नसते. उजेडात आरसा धरून नीट बघा, आत काळ्या दोऱ्यासारखा केस वळून बसलेला दिसतो. रेझरने कापलेल्या केसाचं टोक धारदार होतं, ते वर यायच्या ऐवजी परत कातडीत घुसतं आणि मग शरीर त्याला बाहेरची वस्तू समजून तिथे सूज आणतं. कुरळे, राठ केस असले की हा ताप जास्त. म्हणून कुठलाही उपाय असो, मी आधी एकच बघतो, यानं केस बाहेर येणार आहे की नुसती सूज उतरणार आहे.

केस बाहेर आणायच्या कामात शेकाच्या जवळपाससुद्धा बाकीचं काही येत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. स्वच्छ सुती कापड सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवायचं, पिळायचं, पुळीवर 10-15 मिनिटं ठेवायचं, गार झालं की परत बुडवायचं, असं दिवसातून 3-4 वेळा. कातडी मऊ पडते आणि केसाचा वेढा हळूहळू वर येतो. एका दिवसात फरक दिसत नाही, चिकाटी लागते, आणि लोक कंटाळतात ते इथेच.

साखर आणि तेलाचा स्क्रब मेलेली कातडी काढतो, म्हणजे केसाची वाट मोकळी करतो. पण सुजलेल्या पुळीवर साखर घासली तर ती सोलवटते आणि जंतूंना आयती वाट मिळते. त्यामुळे पुळी आलेली असेल तर शेक, आणि पुळ्या येऊच नयेत म्हणून आठवड्यातून एक-दोनदा बोटाच्या टोकांनी अगदी हलका स्क्रब, असं वाटून घ्या.

कोरफड आणि टी ट्री ऑइल (टी ट्री नावाच्या झाडाच्या पानांचं उग्र तेल, चहाचं नव्हे) दोन्ही केस बाहेर काढत नाहीत, हे आधीच सांगतो. कोरफडीने आग आणि खाज शमते, फक्त ताजं पान कापलं तर त्यातून निघणारा पिवळा चीक आधी पूर्ण गळू द्यायचा, त्यानेच बऱ्याच जणांना खाज सुटते. टी ट्री ऑइल जंतूंवर चालतं, पण कच्चं लावलं तर चटका बसतो. चमचाभर साध्या तेलात 2-3 थेंब एवढंच, तेही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून 24 तास वाट बघून. जांघेत तर मी फक्त कोरफडच सांगेन. मध चालेल, हळद नको, कारण हळदीच्या पिवळ्या डागाखाली लाली पसरतेय की उतरतेय ते कळतच नाही.

लिंबू आणि बेकिंग सोडा मात्र पूर्ण बाद! कातडीचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका लहान तितकं आम्ल जास्त) साधारण 5, लिंबाचा 2 च्या आसपास आणि सोड्याचा 8 च्या वर, म्हणजे दोघेही आधीच चिडलेल्या जागेला अजून चिडवणार, आणि लिंबू लावून उन्हात गेलात तर भाजल्यासारखा काळा चट्टासुद्धा पडू शकतो.

चिमट्याचं म्हणाल तर मी एकदा हनुवटीखालची पुळी उकरून उकरून केस काढला, केस निघाला पण काळा डाग कित्येक महिने राहिला, त्यामुळे कळकळीने सांगतो, उकरू नका. केसाचा वेढा कातडीच्या वर दिसायला लागला तरच स्पिरिटने पुसलेल्या चिमट्याने टोक अलगद सोडवायचं, उपटायचं नाही, उपटला की नवा केस येताना परत तोच खेळ.

लाली पसरत चालली, पू झाला, ठणका वाढला किंवा ताप आला की हे सगळं बंद करून डॉक्टर गाठा, आणि डायबिटीस असेल तर घरी प्रयोग करत बसूच नका.

आणि हो, एकीकडे शेक चालू आणि दुसरीकडे त्याच जागेवर रोज रेझर, असं केलं तर काहीच उपयोग नाही. जागा पूर्ण बरी होईपर्यंत रेझर बाजूला ठेवा, नंतरही जमलं तर ट्रिमरच वापरा, आणि रेझरच लागणार असेल तर ब्लेड नवीन, केस वाढतात त्याच दिशेने, कातडी न ताणता.