गेजचा पॅच की करंटचा पॅच?

डिस्टिलरीची बायोगॅस लाइन आतून गंजतेय का, हे पाइप न उघडता कळायचं तर हायड्रोजन मोजायचा, इथपर्यंत तुमचं ठरलेलंच असेल. ओल्या गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड मोठा खोडील. गंजताना सुटलेल्या हायड्रोजनच्या अणूंना तो एकमेकांशी जुळू देत नाही, मग ते पोलादात शिरतात आणि पल्याड निघतात. निघाल्यावर धरायचे कसे, एवढाच प्रश्न. त्यासाठी पाइपवर बाहेरून बसवायची दोन साधनं, म्हणजे पॅच, आहेत. कागल तालुक्यातल्या एका प्लांटवर मी दोन्ही पॅच वापरलेत.

करंटचा पॅच म्हणजे १९६२ च्या देवनाथन-स्टाखुर्स्की सेलची (पोलादातून पार होणारा हायड्रोजन करंटवर मोजणाऱ्या मांडणीची) अर्धी बाजू पाइपवर बांधलेली. बाहेर येणारा अणू कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ऑक्सिडाइज होतो, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडतो, करंट तेवढा हायड्रोजन. गेजच्या पॅचमध्ये नुसती बंद पोकळी. अणू आत येऊन जोडीनं रेणू होतात, रेणूला परत पोलादात जाता येत नाही, दाब चढतो, तो गेजच्या काट्यावर वाचायचा. आठ मिलिमीटरच्या पाइपला काही तासांपासून दीडेक दिवसाचा उशीर दोन्हीकडे सारखाच. जाडी दुप्पट, तर उशीर चौपट. आणि पाइप किती झिजला ते दोन्ही सांगत नाहीत, त्याला जाडी मोजणारं अल्ट्रासॉनिक यंत्र लागतंच.

बारकाईत करंटवाला पुढं, यात वाद नाही. गेजचा तर पहिल्याच आठवड्यात पचका झाला. ऑपरेटर मामा म्हणाले, ''साहेब, काटा दुपारी फुगतोय आन् पहाटे उतरतोय. पाइप श्वास घेतोय काय?'' हिशेब मांडला. पोकळी दहा मिली, क्षेत्र शंभर चौरस सेंटिमीटर, प्रति चौरस सेंटिमीटर ०.१ मायक्रोअँपिअर इतका हायड्रोजन धरला, तर दाब दिवसाला जेमतेम ०.०१ बार चढणार. पत्रा पहाटे वीस अंशांवर नि उन्हात पंचेचाळीसवर, म्हणजे हायड्रोजन नसतानाही ०.०८ बारचा फरक. आठवड्याची कमाई एका दुपारी!

पण त्यावर उपाय फुकटात निघाला. रोज पहाटे सहालाच वाचायचं, शेजारी पत्र्याचं तापमान लिहायचं. मामांची वही तेव्हापासून चोख आहे.

करंटवाल्याला मात्र मी वैतागलो तो विजेपायी. वळवाच्या दिवसांत संध्याकाळी ढग आले की लाइट जाणार, हे ठरलेलं. लाइट गेली की सेल बंद. परत आली की करंट उगाच वर उडतो आणि खऱ्या आकड्यावर बसायला रात्र जाते. बसतोय तोवर दुसऱ्या दिवशीचा वळीव हजर. यूपीएस दिला, त्याची बॅटरी उन्हानं गेली. गॅस्केटमधून कॉस्टिक पाझरायचं ते वेगळंच. महिन्याच्या आलेखात खरा हायड्रोजन कुठला नि महावितरणची कृपा कुठली, शेवटपर्यंत कळलं नाही.

तुमच्याकडं वीज भरवशाची असेल, हाताशी केमिस्ट असेल, गंज रोखणाऱ्या इनहिबिटरचा डोस बदलून दोन दिवसांत फरक बघायचा असेल, तर करंटवालाच घ्या, मी आडवा येणार नाही. स्क्रबरच्या (हायड्रोजन सल्फाइड धुऊन काढणाऱ्या यंत्राच्या) अलीकडची लाइन वर्षानुवर्षं राखायची असेल, तर मला आपलं गेजचं बरं वाटतं.

फक्त पॅच पाइपच्या तळाला बसवा. गॅसमधलं पाणी तिथं साचतं, शिवाय सावली मिळते. आम्ही पहिला वाचायला सोयीचा म्हणून माथ्यावर बसवला होता. दोन महिने पहाटेचा आकडा जागचा हलला नाही, आणि आम्ही खुशीत होतो.